कौतिकामावशींची बाळंतीण

बाळंतिणीच्या घरी गेलेली बाई आधी पाळण्यात डोकावते. नाक कोणावर गेलं, रंग कोणाचा घेतला, जावळ किती आहे, हे सगळं बोलून झालं की मग कोपऱ्यात बसलेल्या त्या पोरीकडे बघते, बघितलं तर. कौतिकामावशी पाळण्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. दारात चपला काढायच्या, सरळ चुलीपाशी जायच्या, गंजावरचं झाकण उचलायच्या आणि घरातल्या कर्त्या बाईला विचारायच्या, "हिला काय वाढलं आज?"

"अहो मावशी, लेकरू तर बघा आधी."

"लेकरू कुठं पळून चाललं का? त्याला मंग बघू. आधी हिचं ताट दाखवा."

सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या पुढे आमचं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण आता सगळ्यांच्या हातात फोन आहे आणि भांडायला सगळ्यांना वेळ आहे. मी तिथल्या अंगणवाडीची सेविका आणि कौतिकामावशी मदतनीस. म्हणजे रजिस्टर मी लिहायचं, लेकरांना गाणी मी शिकवायची, आणि झाडणं, पाणी भरणं, खिचडी शिजवणं, शेंबूड पुसणं हे त्यांनी करायचं. अकरा वर्षं आम्ही दोघींनी ती एक खोली चालवली. त्या आधी मावशी गावातल्या बाळंतिणींना न्हाऊ घालायच्या. आज गावात मिशांना पीळ देऊन फिरणारे कित्येक बाप्ये त्यांच्या लांब केलेल्या पायांवर पालथे पडून रडलेले आहेत.

गेल्या चैत्रात मावशी गेल्या. ग्रामपंचायतीसमोर शोकसभा झाली. एकामागून एक माणूस उठला आणि म्हणाला की कौतिकाबाई फार शांत होत्या, गरीब होत्या, कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत. माझ्या अंगाची लाही लाही झाली. शांत? ज्या बाईने अर्ध्या गावातल्या सासवांना त्यांच्याच स्वयंपाकघरात उभं करून जाब विचारला, ती शांत? माणूस मेलं की त्याचा राग आधी पुरून टाकतात, म्हणजे मागे राहिलेल्यांची सोय होते. म्हणून मी हे लिहायला बसले.

एक प्रसंग सांगते. गावातल्या एका मोठ्या घरात सुनेला तिसरी मुलगी झाली. आम्ही दोघी पाचव्या दिवशी वजन घ्यायला गेलो. मावशींनी झाकण उचललं तर गंजात नुसतं वरणाचं पाणी. ओसरीवर तुपाची बरणी, दारात दोन म्हशी, आणि बाळंतिणीच्या ताटात कोरडी भाकर. सासूबाई म्हणाल्या, "तिसरी पोरगीच तं झाली. तिला काय एवढं करायचं?" मी मान खाली घालून वजनकाटा आवरायला लागले. ते घर वजनदार होतं आणि मला गावात राहायचं होतं. मावशी मात्र उठल्या आणि त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या. तोंड रस्त्याकडे.

"अशा काहून बसल्या मावशी?" सासूबाईंनी विचारलं.

"बसले. लोकं येता-जाता इचारतील काहून बसली, तं त्यांना सांगते. मला काय घाई न्हाई."

घटकाभरात आतून तुपाचा वास आला. ताट पुढ्यात येऊन त्या पोरीने पहिला घास तोंडात घातल्यावरच मावशी उठल्या. वाटेत मी म्हटलं, "मावशी, मला तर घाम फुटला होता." त्या म्हणाल्या, "तुमाला फुटला त्याला काय. तिला दूध फुटलं पायजे."

आता त्या कुत्रीचं सांगते. खरं तर तिच्यासाठीच हे सगळं चाललंय.

अंगणवाडीच्या मागे एक शौचालय बांधलेलं आहे. बाहेरून निळा रंग, भिंतीवर हात धुण्याचं चित्र, आत पाण्याचा नळ नाही. उद्घाटन झालं, फोटो निघाला, त्या दिवसापासून ते आजपर्यंत एकही लेकरू तिथे बसलेलं नाही. चार वर्षांपूर्वी आषाढ संपता संपता एक करडी, हाडं निघालेली कुत्री तिथे व्याली. मावशी झाडायला गेल्या आणि तिथूनच मला हाक मारली. बघते तर पोत्यावर नुसती वळवळ. मी सात मोजली, मावशींनी अकरा.

"अकरा लेकरं," मावशी म्हणाल्या, "अन् दूध आठच थानांना. दोन कोरडी दिसून राहिलीत. हे जमायचं न्हाई असं."

त्यांनी काय केलं तर गेरू कालवला आणि सहा पिल्लांच्या कपाळाला टिळा लावला. टिळ्याची सहा आणि बिनटिळ्याची पाच अशा दोन पाळ्या केल्या. एक पाळी आईजवळ, दुसरी पोतं अंथरलेल्या पाटीत. खिचडी चुलीवर चढली की पाळी बदलायची, लेकरं जेवून गेली की पुन्हा बदलायची. दांडगी पिल्लं बारक्यांना ढकलून देतात, आणि आपल्याला वाटतं सगळी पीत आहेत. हे मला तोवर ठाऊक नव्हतं. माझं बी.ए. झालेलं आहे.

तिला कोणी कुत्री म्हटलेलं मावशींना खपायचं नाही. "बाळंतीण म्हणायचं. सव्वा महिना झाला की म्हणा कुत्री." सव्वा महिना तिला कोणी हाकलायचं नाही, तिच्यावर दगड उगारायचा नाही आणि अकराच्या अकरा पिल्लं सव्वा महिन्याची झालेली बघायची, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. दुसरं काही नाही.

माझं माहेर जवळा बाजार. आमच्या लहानपणी गल्लीत कुत्री व्याली की आम्ही पोरी परात घेऊन घरोघर जायचो. कोणी मूठभर पीठ घालायचं, कोणी गुळाचा खडा, कोणी पळीभर तेल, आणि मग कोणाच्या तरी अंगणात तीन दगड मांडून त्या कुत्रीसाठी शिरा व्हायचा. नाही म्हणणारं घर मला आठवत नाही. मावशी तशीच परात घेऊन आमच्या गावात निघाल्या. मी बरोबर होते, म्हणून काय काय ऐकलं ते सांगू शकते. एक बाई म्हणाली, कुत्र्यांचा आधीच सुळसुळाट झालाय, तुम्ही आणखी वाढवा. एक नोकरदार गृहस्थ म्हणाले, हे सरकारचं काम आहे. एकाने दारातून मोबाइलमध्ये फोटो काढला आणि आत जाऊन दार लावलं. ज्या घरांनी परातीत पीठ टाकलं त्यांतल्या निम्म्या घरांना स्वतःलाच रोज बाजरी-ज्वारी पुरत नव्हती. तळपायाची आग मस्तकात जाते की नाही? मावशी मात्र प्रत्येक दारात तेवढंच बोलायच्या, "बाळंतीण हाय. मूठभर वाढा." नाही म्हटलं की पुढच्या दारी.

त्या पिठात घरच्या कण्या घालून, तेल सोडून, चवीला गूळ टाकून त्या सकाळी शिजवून आणायच्या. बोट घालून बघायच्या, गरम असेल तर फुंकायच्या. लेकरांच्या वाट्याचा एक दाणा त्यांनी त्या कुत्रीला घातला नाही. हे मी ठासून लिहिते, कारण पुढे नेमकं तेच पसरवलं गेलं. खिचडी वाढल्यावर मदतनीस बाईच्या वाट्याला जे यायचं ते त्या खात नसत, एवढं मात्र खरं. ते त्या पदराआड मागे घेऊन जायच्या.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो. त्या वर्षी तालुक्याचे साहेब आमच्या अंगणवाडीत येणार असं ठरलं. पत्र आल्यापासून गावाला ऊत आला. आमच्या गावच्या सरपंच एक बाई आहेत, पण त्यांना सही करण्यापलीकडे काही करू देत नाहीत. सगळा कारभार त्यांच्या यजमानांकडे. गाव त्यांनाच सरपंच म्हणतं, मीही तेच म्हणते. ते आदल्या दिवशी दुपारी आले. मावशी नदीवर लेकरांची बसायची फडकी धुवायला गेल्या होत्या.

"ताई, मागं ती घाण काय ठेवली?" त्यांनी विचारलं.

"कुत्री व्यालीय. बारा दिवसांची पिल्लं आहेत."

"उद्या साहेब येऊन राहिले. बायकांच्या दुधावर भाषण हाय अन् मागं कुत्री पसरलेली. फोटोत आली तं? त्यात लोकं म्हणून राहिले की लेकरांचा आहार तुमी कुत्रीला चारता."

"साफ खोटं आहे ते."

"खोटं असंल. पण साहेबांच्या कानावर गेलं तं नोकरी तुमची जाईल, कौतिकाबाईची जाईल. माझं काय जाणार हाय? सकाळी टेम्पो पाठवतो. कुत्री तेवढी देऊन टाका, पिल्लांना कोण बघतंय."

मी त्यांना तिथेच हाकलायला हवं होतं. मी म्हटलं, "संध्याकाळी परत आणून सोडणार असाल तर न्या." ते म्हणाले, "बराबर आणतो." आणि मी विश्वास ठेवला. ठेवला म्हणजे काय, ठेवायचा ठरवला, कारण तसं ठरवलं की मला झोप लागणार होती.

सकाळी मावशी यायच्या आत टेम्पो आला. कुत्री काही त्या ड्रायव्हरच्या हाताला लागेना. पिल्लांवर आडवी उभी राहून गुरगुरत होती. तो मला म्हणाला, "ताई, तुमच्या वळखीची हाय, तुमी बोलवा." मी माझ्या डब्यातली भाकरी घेतली, तिला यू यू केलं आणि भाकरी टेम्पोत टाकली. उपाशी बाळंतीण होती ती, अकरा जीव ओढत होते तिला. चढली. फाळका वर गेला. मी आत येऊन भिंतीवर तक्ता लावायला लागले. तक्त्यावर एक बाई लेकराला पाजत होती आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की आईच्या दुधाला पर्याय नाही.

कार्यक्रम अकरा वाजता सुरू झाला. साहेब बोलले, आमच्या पर्यवेक्षिका मॅडम बोलल्या, सरपंच तर पाऊण तास बोलले. आई, अमृत, माया, वात्सल्य. ज्या माणसाने तीन तासांपूर्वी बारा दिवसांच्या अकरा पिल्लांची आई टेम्पोत भरून पाठवली तो माइक धरून वात्सल्यावर बोलत होता, आणि मी टाळ्या वाजवत होते. मागून पिल्लांचा आवाज यायला लागला. आधी एक, मग सगळी. साहेबांनी मान वळवून विचारलं, "हा आवाज कसला?"

"पाखरं हायेत साहेब," सरपंच म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

मावशी बाहेर चुलीपाशी पाहुण्यांचा चहा उकळत होत्या; आल्यापासून कामाच्या रेट्यात त्यांना मागे जायला सवडच मिळाली नव्हती. त्यांनी पातेलं खाली उतरवलं आणि मागे गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा घट्ट झालेला. पाहुण्यांना चहा दिला, कपबश्या विसळल्या. शेवटची गाडी हलल्यावर मला म्हणाल्या, "ताई, बाळंतीण कुठं गेली?"

"टेम्पो आला होता सकाळी," मी म्हटलं. "मला नीट माहीत नाही."

असं मी म्हटलं. शब्द न् शब्द आठवतो.

त्या टेम्पोवाल्याच्या घरी गेल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या. "नरसीला सोडली म्हणे. देवाच्या दारी हाय, तिथं खायला कमी न्हाई म्हणे." नामदेवांच्या गावी सोडली म्हणजे पुण्य केलं, असा त्या ड्रायव्हरचा समज होता. येणारे-जाणारे भाविक प्रसाद टाकतात, कुत्री मजेत राहील. आईला लेकरांपासून वीस किलोमीटर लांब नेऊन टाकायचं आणि वर देवाचं नाव घ्यायचं, हे आमच्याच माणसांना सुचावं.

मावशींनी पाटी उचलून माझ्या पुढ्यात ठेवली, अकरा पिल्लांसकट. "ताई, ही तुमच्या ओटीत. म्या येईस्तोवर एकालाबी उपाशी ठेवू नका. गाईचं दूध घ्या, जरासक कोमट करा." आणि बासष्ट वर्षांची ती बाई सेनगावच्या जीपमध्ये मागे लोंबकळत निघून गेली.

मी बसले. घरून दूध मागवलं, कोमट केलं, वाटी-चमचा घेतला. लेकराला कसं पाजायचं याचं प्रशिक्षण मी पाच वेळा घेतलंय, रबराच्या बाहुलीवर करून दाखवलंय. डोकं कोपरावर, पाठ मांडीवर, तोंड वर, चमचा ओठाच्या कडेला. मी एकेक पिल्लू घेतलं, मांडीवर उताणं धरलं आणि तोंडात चमच्याने दूध सोडलं. पहिली दोन-तीन चाटत प्यायली. चौथ्याच्या नाकातून दूध बाहेर आलं. मला वाटलं पोट भरलं. लेकरू दूध काढतं तसं. पुसलं आणि पुढचं घेतलं. दिवस मावळायच्या आत दोन पिल्लं गार पडली, तिसरं दुसऱ्या दिवशी सकाळी. मी तोवर आणखी जोर लावून पाजत होते, कारण मला वाटत होतं ती भुकेने मरत आहेत.

जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर कोणाच्या तरी म्हशीसाठी गावात आला होता. त्याला मी रडत रडत बोलावलं. त्याने एक पिल्लू कानाशी धरून ऐकलं आणि माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "ताई, हे काय माणसाचं लेकरू हाय का? कुत्रीचं पिल्लू पालथं पितं, पोटावर. तुमी उताणं धरून ओतलं, ते दूध गेलं छातीत." मग त्याने पिल्लू पोत्यावर पालथं ठेवून, मान जराशी उचलून, कापसाच्या बोळ्याने थेंब थेंब पाजून दाखवलं. इतकं सोपं होतं.

त्याच दिवशी दुपार कलल्यावर मावशी आल्या. पायी. त्या कुत्रीच्या गळ्यात लुगड्याचा काठ फाडून बांधलेला आणि दोघीही लंगडत होत्या. नरसीला ती सापडलीच नव्हती. अलीकडे रस्त्यालाच, एका ओढ्याच्या पुलाजवळ सापडली, तोंड आमच्या गावाकडे. थानं दगडासारखी टणक, चालताना पाय फाकवून टाकत होती. एकाही जीपवाल्याने तिला चढू दिलं नाही. आमच्या भागातल्या जीपमध्ये शेळी चालते, कोंबड्यांची डाली चालतात, कांद्याची पोती चालतात, टपावर माणूस चालतो. बाळंतीण चालली नाही. मावशी जीपमध्ये बसून एकट्या येऊ शकल्या असत्या. त्या तिच्याबरोबर चालत आल्या.

त्यांनी पाटीत बघितलं. मोजलं. माझ्याकडे बघितलं.

"तीन गेली मावशी," मी म्हटलं. कसं गेली तेही सांगितलं.

त्यांनी पदर खोचला. "आठ हायेत. आठांचं बघू. पाणी तापवा."

गरम पाण्यात फडकं पिळून त्या थानं शेकत राहिल्या. कुत्री दुखून दात दाखवायची पण चावली नाही. मावशी तिच्याशी बोलत होत्या, जसं त्या न्हाणीत पोरींशी बोलायच्या. "जरा सोस माय. तकलीफ हाय, ठाऊक हाय मला. आत्ता सुटंल." अंधार पडायच्या आत एका थानाला धार लागली, आणि ती लागल्यावर मावशी तिथेच पोत्यावर बसून रडल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. सरपंच त्या वेळी मोटारसायकलवरून चालले होते. मावशींनी त्यांना थांबवलं आणि रस्त्यावर, दहा माणसांत विचारलं, "तुमच्या घरी सून बाळंत होईल तवा तिला कोणत्या देवाच्या दारी सोडणार तुमी?" त्यांनी गाडीला किक मारली. शोकसभेत ज्यांनी कौतिकाबाई फार शांत म्हटलं ते हेच गृहस्थ.

आठच्या आठ सव्वा महिन्याची झाली. त्या दिवशी मावशींनी कुत्रीला न्हाऊ घातलं आणि म्हणाल्या, "आता म्हणा कुत्री." मग मजा बघा. सोयाबीन भरत आलं होतं, हळद वर आली होती, रानडुकरं रोज शेतात शिरत होती, आणि ज्यांनी मूठभर पीठ दिलं नव्हतं तेच शेतातल्या आखाड्यावर राखणीला पिल्लू मागायला यायला लागले. फोटो काढून दार लावणारा आला. सरकारचं काम म्हणणारा आला. शेवटी सरपंचांनी माणूस पाठवला. मी म्हटलं, मावशी, याला तर कुत्र्याचं शेपूटसुद्धा देऊ नका. त्यांनी दिलं. चांगलं दांडगं, टिळ्यावालं दिलं.

मी भडकले. "त्याला का दिलंत?"

"त्याच्या आखाड्यावर पाणी हाय बारा महिने. पिल्लाला पाणी लागतं, ताई. त्याला काय करायचं मालक कसा हाय ते."

त्यानंतर तीन वर्षं आम्ही एकत्र काम केलं. टेम्पोची गोष्ट मी काढली नाही, त्यांनीही नाही. रोज सकाळी त्या आल्या की मला वाटायचं, आज सांगून टाकावं, आणि रोज काहीतरी काम निघायचं. मग त्यांची पासष्टी झाली. एके दिवशी फोनवर निरोप आला की उद्यापासून मदतनीस बाईंनी येऊ नये. बस्स. ज्या बाईने गावातली दोन पिढ्यांची ढुंगणं धुतली तिला एक नारळसुद्धा नाही. मी माझ्या मनाने एक लुगडं घेतलं आणि संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. त्या ओसरीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या.

लुगडं हातात दिलं आणि माझ्याच्याने राहवलं नाही. "मावशी, त्या दिवशी बाळंतीण टेम्पोत मी चढवली. भाकरी मी टाकली."

त्यांचा हात चालूच होता. "ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"तवापासूनच. टेम्पोवाल्याला इचारायला गेले तं तो म्हणे, मला काहून बोलता, भाकर तं तुमच्या ताईनं टाकली."

म्हणजे पाटी माझ्या पुढ्यात ठेवली तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. "आणि तरी पिल्लं माझ्याच ओटीत टाकून गेलात?"

"मंग कोणाच्या टाकू? दुसऱ्या कोणी हात झटकले असते. तुमची चूक झाली व्हती. तुमी जागच्या हलणार न्हाई, हे म्हाईत व्हतं मला."

"तीन माझ्या हातून मेली, मावशी," मी म्हटलं.

"उताणं पाजू नका, हे सांगायचं माझं राहिलं. जीप सुटून राहिली व्हती, घाईत व्हते. त्या तिघांचं माझ्यावर हाय."

आणि मला राग आला. खरोखरचा राग. गावातल्या एकेका सासूला या बाईने उंबऱ्यावर बसून वठणीवर आणलं, सरपंचाला भर रस्त्यात बोलल्या, आणि मला एक वाकडा शब्द नाही? उलट माझं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊन तीन वर्षं माझ्या शेजारी खिचडी ढवळत होत्या? मी मोठ्याने म्हटलं, "ते तुमच्यावर नाही. भाकरी मी टाकली, खोटं मी बोलले, दूध मी ओतलं. तुम्ही कशाला घेता ते?"

तेव्हा कुठे त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"मंग तुमी घेता का?"

"घेते."

"मंग घ्या," मावशी म्हणाल्या, आणि सुपातली निम्मी डाळ माझ्या पुढ्यात ओतली. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी खडे निवडत बसलो.